चेन खरंच तुटली तेव्हा

गेल्या वर्षी मी खोटं बोललो होतो, ते आधी सांगून टाकतो. जर्मनीत, कार्ल्सरूहेजवळच्या एका क्लबची सायक्लोक्रॉस शर्यत होती. म्हणजे ऐन थंडीत, चिखलातून, निम्मा वेळ सायकल चालवायची आणि निम्मा वेळ ती खांद्यावर घेऊन पळायचं. तिसऱ्या फेरीत बोटं बधिर झाली, रडू यायला लागलं आणि मी मार्गाच्या कडेच्या दोरीखालून गुपचूप बाहेर पडलो. घरी सांगितलं, चेन तुटली.

एवढ्याशा थापेनं वर्षभर पिच्छा पुरवला. पुण्याहून सासरे दर रविवारी फोनवर विचारायचे, "काय जावईबापू, चेन जोडली का?" ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्याला तर इतका कळवळा आला, की त्यानं माझ्या वाढदिवसाला नवी चेनच आणून दिली. वर ती कशी बसवायची यावर अर्धा तास व्याख्यान. मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर", म्हणत मान डोलावली. बायको मात्र या विषयावर कधी चकार शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिला पटलं.

या वर्षी पुन्हा नाव नोंदवलं ते एकाच गोष्टीसाठी. कितवा का येईना, शेवटची रेषा ओलांडायची. दोरीखालून जायचं नाही. वय सेहेचाळीस, पोट जरा पुढे आणि थंडी उणे दोन. चिखलावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. चाक गेलं की तो कुरकुरत मोडायचा आणि खाली नुसती राड. पहिल्याच फेरीत दोनदा आडवा झालो. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या असलेल्या एका बाईंनी मला मागे टाकताना प्रेमानं "छान चाललंय" म्हटलं, त्याचा मला भयंकर राग आला. त्या रागावरच मी पुढच्या दोन फेऱ्या काढल्या.

शेवटच्या फेरीत, चढाच्या पायथ्याशी, पॅडल मारलं आणि पाय मोकळाच फिरला. मागे बघितलं तर भेट मिळालेली ती नवीकोरी चेन चिखलात पडलेली. बसवली मीच होती, व्याख्यान नीट न ऐकता.

संताप संताप झाला. आता हे कोणाला पटणार होतं? चेन उचलून जर्सीच्या पाठीवरच्या खिशात कोंबली. नियमाप्रमाणे सायकल घेऊन पळालं तरी चालतं, फक्त रेषा सायकलीसकट ओलांडायची. अर्धी फेरी उरली होती. सायकल खांद्यावर मारली आणि चढायला लागलो.

वर, दोरीपलीकडे, बायको उभी होती. मी ओरडलो, "चेन तुटली!"

"या वेळी खरंच का?" तिनं विचारलं.

म्हणजे तिला माहीत होतं. वर्षभर. त्या थंडीतही माझे कान तापले. दोरी हाताशी होती, नुसतं वाकायचा अवकाश. नाही वाकलो. पळत सुटलो. पडलो, उठलो, चिखलाला आणि स्वतःला सणसणीत मराठी शिव्या घातल्या. वळणावरचा स्वयंसेवक काळजीनं म्हणाला, "हे बघा, तुम्ही इथूनच बाहेर पडलात तरी चालेल. पहिला केव्हाच पोचला."

"नाइन!" मी म्हणालो. जर्मनीत बारा वर्षं काढली, पण 'नाही' म्हणायचा हा शब्द इतक्या जोरात कधी तोंडून निघाला नव्हता.

रेषा ओलांडली तेव्हा बक्षीस समारंभ सुरू झाला होता. मी शेवटून पहिला. बायको आली तशी धापा टाकत मी खिशातून चेन काढून तिच्यापुढे धरली. "बघ. बघ ना!"

तिनं चेनकडे पाहिलंही नाही. "गेल्या वर्षी खरंच तुटली असती," ती म्हणाली, "तरी असं पळत येता आलं असतं की तुला."

"म्हणून तर या वर्षी आलो!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की मंचावरचे तिन्ही विजेते वळून बघायला लागले. बघेनात का!