घोळणा फुटला तेव्हा
उल्हासनगरच्या एका इस्पितळात एक मावशी लादी पुसायची आणि वाटेतल्या पेशंटच्या नातेवाइकांवर सारखी खेकसायची. एका सकाळी तिथे दाखल असलेल्या माझ्या बाबांचा घोळणा फुटला, नाकातून रक्त वाहू लागलं. मी घाबरून त्यांची मान मागे धरली. रक्त घशात जाऊन ते ठसकू लागले.

"ए भाऊ, मारतो काय बापाला?" मावशी ओरडली. "मान मागे केली की रक्त दिसायचं थांबतं, वाहायचं नाही!"

हात धुऊन तिने बाबांना पुढे वाकवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला आणि घड्याळाकडे बघत दहा मिनिटं हलली नाही. रक्त थांबलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. "पेशंटला हात लावायला तुला कोणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. आजही चीड येते, ती डॉक्टरांपेक्षा माझीच.