बाईंची बिनक्लचची गाडी

गॅरेजमध्ये जुने नट-बोल्ट डब्यात साठतात, तसे किस्सेही साठत जातात. टाकवत नाहीत, आणि कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही. नव्वदच्या दशकात शहापूरला हायवेलगत बबन आणि मी भागीदारीत गॅरेज चालवायचो. इंजिनचं काम माझं, गिअरचं त्याचं. यायचे ते टेम्पो, जीप आणि ट्रॅक्टर. ऑटोमॅटिक गाडी एकच, मुरबाडच्या डॉक्टरबाईंची. पण आमच्या डब्यातला निम्मा माल तिचाच!

*

गाडी परदेशी, पांढरी, बरीच जुनी. बाईंच्या भावाने त्यांना दिलेली. तक्रार अशी, की दुसरा गिअर पडताना ती अडते आणि मग धक्का देते. बबन ट्रायलला बसला, मी शेजारी. या गाडीला क्लच नसतो हे बबनला ठाऊक होतं, त्याच्या पायाला नव्हतं. बाजाराच्या वळणावर सवयीने डावा पाय दाबला गेला, तो थेट ब्रेकवर. माझं कपाळ काचेवर आपटलं. बबनने माझ्याकडे वळून गंभीरपणे विचारलं, "बाई सांगत होत्या तो धक्का ह्योच का रे?"

*

बाईंचे कंपाउंडर सदूभाऊ. घरी ट्रॅक्टर, त्यामुळे यंत्राची आवड. रोज सकाळी नेमाने गिअरचं तेल बघायचे, पण ट्रॅक्टरसारखं, इंजिन बंद ठेवून. पट्टीवर तेल भरपूर दिसायचं. तरी चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

बबनने गाडी फिरवून गरम केली आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढली. टोक जेमतेम ओलं होतं. इंजिन बंद झालं की वरचं तेल खाली उतरतं आणि आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, हे आम्ही परोपरीने समजावलं. सदूभाऊंना काही पटेना. म्हणाले, "चालू इंजिनात हात घालायचा? आमच्या ट्रॅक्टरनं हाताला एक बोट ठेवलं नसतं!"

*

हे तेल नवं असताना तांबडं असतं, कोकम सरबतासारखं. बाईंच्या गाडीतलं तपकिरी झालं होतं आणि त्याला करपल्याचा वास येत होता. बबन बोटावर घेऊन बराच वेळ हुंगत बसला. सगळं एकदम बदललं तर आतल्या झिजलेल्या प्लेटा नव्या तेलात घसरतील अशी भीती; नाही बदललं तर त्या जळणारच. शेवटी थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं, काही दिवस गाडी चालवायची आणि परत थोडं काढायचं, असं ठरलं.

त्यावर बबनने एक सल्लाही दिला. ही कटकट कशाला, साधा क्लचवाला गिअरबॉक्स बसवून देतो, म्हणाला. बाईंनी साडीचा काठ जरा वर उचलला. डावा पाय पोलिओने वाळलेला होता.

"मग हाही बदलून देशील का?"

बाई लंगडतात हे दिसत होतं, पण त्याचं कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं. डोंगरातल्या वाड्यांवर एसटी जात नसे. तिथली बाळंतपणं बाई या गाडीने जाऊन करायच्या. गाडी बसली, की बाईही घरी बसणार. मला फार ओशाळल्यासारखं झालं. बबनने पुन्हा क्लचचं नाव काढलं नाही.

*

एकदा नाशिकला लग्न होतं. लांबचा पल्ला म्हणून बाईंनी कसाऱ्याचा एक ड्रायव्हर बरोबर घेतला, ट्रकवर मुरलेला. परत येताना त्याने अख्खा घाट ट्रकवाल्यांच्या पद्धतीने उतरवला, न्यूट्रल करून इंजिन बंद. तेवढंच पेट्रोल वाचतं! पण या गाडीचं इंजिन बंद झालं की गिअरबॉक्सला तेल पोचवणारा पंपही बंद होतो, आणि आत सगळं कोरडं घासत राहतं.

मागे बसलेल्या बाईंनी घाटाच्या पायथ्याशी त्याला शाबासकी दिली. गाडीने आज एकदाही धक्का दिला नाही म्हणून!

*

त्यानंतर लवकरच सदूभाऊंचा गॅरेजवर फोन आला. वाडीवर पहिलटकरीण अडलेली आणि बाईंची गाडी चढाखालच्या फाट्यावर बंद. बबन आणि मी मोटारसायकलवर निघालो.

पट्टीवरचं तेल काळं होतं. बबनने दांडा पुढच्या गिअरला टाकला, गाडी ढिम्म. मागच्या गिअरला टाकला, तर चाकं फिरली.

"बाई, पुढच्या गिअरच्या प्लेटा जळाल्या. ही आता पुढं जायची नाय. तुमी मोटारसायकलवर बसा."

"आणि त्या पोरीला मुरबाडला न्यायची वेळ आली तर?" बाई म्हणाल्या. "फाट्यापर्यंत उतार आहे, गाडी येईल घरंगळत, पुढे जीप मिळेल. पण गाडी वर पाहिजे. मागे जाते ना?"

बबन, सदूभाऊ आणि मी, तिघांनी मिळून गाडी ढकलली आणि तिचं तोंड उलटं केलं. बाई मान वळवून, एक हात सीटच्या पाठीवर टाकून गाडी मागच्या मागे चढवू लागल्या. मी गाडीच्या मागच्या बाजूने चालत हाताने रस्ता दाखवत होतो. बबन माझ्याही पुढे, वाटेतले दगड काढत धावत होता.

वाडीत पोचलो तेव्हा त्या मुलीची सासू आवाज ऐकून झोपडीतून पळत आली. गाडीचं तोंड उताराकडे बघून तिने खिडकीच धरली. रडायलाच लागली.

"बाई, माझ्या सुनंला बघितलंत पन नाय, नि चाललात?"

बाईंनी हँडब्रेक ओढला आणि औषधांची बॅग तिच्या हातात दिली.

"पाणी तापव गो. आत्ताच तर आले."