मेव्हण्याच्या लग्नाच्या दिवशी

हे मी आजवर कुणाला बोललो न्हाई. बायकोला तर न्हाईच — आणि सांगायचं होतं ते तिलाच.

मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेल्ता, तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या डॉक्टरांनी बरगड्यांतून बोट घालून माझ्या हृदयाची आवळलेली झडप मोकळी केली. दम लागायचा थांबला. पण जुन्या जालन्यात घरी आलो आणि नवीच गडबड सुरू झाली — एखादा ठोका चुकायचा, मंग दोन-तीन घाईघाईनं पडायचे. "असं होईल, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले होते. त्यांचं काय जातं?

भिंतीवरचं घड्याळ मी बंद करून टाकलं. त्याचा ठोका माझ्याशी जुळत नव्हता. आणि गिरिजाला, म्हणजे बायकोला, सारखं छातीला कान लावायला सांगायचो.

"बघ, चालू हाय का?"

"बंद पडलं असतं तर इचारलं असतं का तुम्ही?" ती म्हणायची. तरी कान लावायची.

अशात धावड्याला तिच्या भावाचं लग्न निघालं. आईबापामागं त्याला हिनंच वाढवलेलं. मला मोटारीचे हादरे सोसणार न्हाईत, म्हणून ती एकटी निघाली. दोन दिवस शेजारच्या काकू मला जेवायला घालणार होत्या. टांगा दारात. पेटी चढवलेली. टांगेवाला ओरडतोय — "जल्दी करा बाई, मोटार सुटंल!" नवं लुगडं सावरत तिनं टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला.

आणि मी काय केलं? छाती धरून ओट्यावर बसलो. "गिरिजा — लई चुकून राह्यलं गं."

खोटं. बिलकुल खोटं. त्या घडीला ठोके इतके बराबर पडत होते, की ऑपरेशनपासून कधी पडले नव्हते. भीती मात्र खरी होती — ही गेली आणि ते थांबलं, तर कान कोण लावणार? पण तसं सांगायला काय झाल्तं मला? एकट्याला भ्या वाटतं, असं बायकोला म्हणायचं? त्यापेक्षा मरायला टेकणं सोपं वाटलं.

ती उतरली. पेटी उतरली. टांगा रिकामा गेला. दिवसभर ती नव्या लुगड्यात माझ्याजवळ बसून होती. संध्याकाळी, लग्नाचा मुहूर्त टळून गेल्यावर, मी म्हणालो, आता जरा बरं हाय — आणि लग्नासाठी केलेले लाडू मागितले. चार खाल्ले. पाचवा तिनं दिला न्हाई. तब्येतीला जपा म्हणाली.

पुढं मेव्हणा नवरीला घेऊन आला. बहिणीशी धड बोलेना. शेवटी तीच मला म्हणाली, "तुम्हीच सांगा ह्याला, मला येता आलं असतं का?"

हीच वेळ होती — न्हाई का?

मी म्हणालो, "कशी येणार? मी जातो का राहतो, असं झाल्तं."

पोरगा खाली वाकला. माझे पाय धरून रडायला लागला. "दाजी, चुकलो. माफ करा."

आणि मी — त्याच्या डोक्यावर हात ठेवून — त्याला माफ केलं.