दुपारशिखर नेमकं कुणाचं?

मक्वालाने घरात पुरुष लपवलाय, अशी कुजबूज आमच्या स्वानेतीत, कॉकेशसच्या डोंगरात, बरीच वर्षं होती. बाई एकटी, पण रात्री ताटं दोन मांडायची, आणि सकाळी दुसरंही चाटूनपुसून रिकामं. असल्या बातमीला डोंगर चढायला घोडं लागत नाही.

तिचा भाऊ बिमुर्झा परदेशी गिर्यारोहकांची ओझी वाहायला गेला आणि कड्यावरून पडला. ते लोक परस्पर पलीकडे उतरून गेले. निरोप एवढाच आला, की दुपारशिखरावर पडला. आमच्यात असा मेलेला माणूस पडल्या जागीच अडकून राहतो. तिथे कोंबडा घेऊन जायचं, गजाने चुनिरी, म्हणजे आमचं तारांचं वाद्य, वाजवायची, मग जीव सुरांमागे घरी येतो आणि सुटतो. वाटेत मागे वळून बघायचं नाही. उंबऱ्यावर कोंबडा आरवला, की आला म्हणायचं.

दर उन्हाळ्यात म्हातारा मुश्नी चुनिरी वाजवी. कोंबडा गप्प.

"माझं वाजवणं आवडत नसेल त्याला," मुश्नी म्हणायचा. मक्वाला हसायची नाही.

मग तिच्याकडे उतरलेल्या पाहुण्याजवळ गिर्यारोहणाचं एक जुनं पुस्तक निघालं. त्याने वाचून दाखवलं: वरच्या गावातून पहाटे निघालो, दुपारशिखराच्या घळीत आमचा हमाल बिमुर्झा पडला.

"हेच ते," मुश्नीने खिडकीतून बोट दाखवलं. "गुडघे झिजले माझे तिथे."

त्याची बायको एतेरी मांस भरलेली कुबदारी वाढत होती. तिचा हात थांबला. "वरच्या गावातून, माझ्या माहेराहून निघाले ना? मग दुपार तिथली धरा. भर दुपारी सूर्य ज्याच्यावर येतो ते त्या गावाचं दुपारशिखर. तुमचं हे. माझ्या माहेरचं तो काळा कडा."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"माझ्या माहेरचं काही तुम्हाला कधी बरोबर वाटलंय?"

मक्वाला हळूच म्हणाली, "म्हणजे मी भलत्याच डोंगरावर हाका मारत होते. त्याला लांबून ऐकू येत असतील."

आम्ही काळ्या कड्यावर गेलो. उतरताना मागे दगड घरंगळत होते. आम्ही थांबलो की तेही थांबत. कुणी वळलं नाही. मुश्नीने सूर तुटू दिला नाही.

उंबऱ्यावर कोंबडा आरवला.

त्या रात्री मक्वालाने एकच ताट मांडलं.

घरात पुरुष कधीच नव्हता. दुसरं ताट भावाचं; त्यातलं पहाटे तीच खायची.