राखेतली अक्षरं

धानोऱ्याच्या पुढं, जंगलातल्या एका गावात सत्यशीलाबाई शाळेत शिकवायच्या. चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. चार वर्गांना मिळून एक खोली आणि एकच शिक्षक, त्याही ह्याच. आरमोरीच्या रामाजी मजुराची ही लेक. घरात अक्षर पहिल्यांदा हिनंच आणलं, त्यामुळं एखादं पोर अक्षराविना राहिलं की बाईंच्या जिवाला लागायचं.

सुकरीनं तर त्यांची झोपच उडवली होती. पोरगी हुशार, रानातलं झाडन् झाड ओळखणारी, पण पाटीवरचं अक्षर हात उचलला की विसरायची. तिसरं वर्ष पहिलीतच चाललेलं. बाप लालसू वैतागला. "तपासणीच्या साहेबासमोर वाचलं तं शाळेत राहू देतो, बाई. नाई तं मोहफुलं येचाले नेतो."

मोहफुलं पडायच्या आधी तिथं झाडाखालचा पाला जाळतात, फुलं नीट दिसावीत म्हणून. त्या राखेत सुकरी बोट फिरवत बसलेली दिसली आणि बाईंना सुचलं. राखेत खोल अक्षर काढायचं, त्यातून पोरीचं बोट फिरवायचं. डोळ्यांत जे ठरत नव्हतं ते बोटात ठरलं! सुकरी चक्क शब्द वाचू लागली. बाईंचा आनंद गगनात मावेना.

तपासणीचे साहेब मात्र ठरल्यापेक्षा महिनाभर आधीच उगवले. खुर्चीतून न उठता त्यांनी फळा दाखवला. "वाच."

सुकरी धीटपणे पुढं गेली. सवयीनं पहिल्या अक्षरावरून बोट फिरवलं. खडूचंच अक्षर ते, पुसून गेलं. घाबरून ती दुसऱ्यावर गेली, तेही गेलं. वर्ग हसला आणि सगळ्यांत मोठ्यानं साहेब.

"साहेब, राखेत वाचते ती. एकदा बाहेर चला," बाईंनी हात जोडले.

"शाळा आहे की चूल?" म्हणत साहेब जीपकडे निघाले.

दारातून लालसूनं सारं पाहिलं होतं. "तुमी लय केलं, बाई," म्हणून त्यानं पोरीचा हात धरला. बाई त्याच्या मागं धावल्या. एक वर्ष मागितलं, मग सहा महिने. तो थांबला नाही. राखेतून फळ्यापर्यंत आपण पोरीला आणलंच नाही, या विचारानं बाईंचा जीव पोळत राहिला.

आठवड्यानं न राहवून त्या लालसूच्या मोहाखाली गेल्या. टोपली बाजूला ठेवून सुकरी वाकली होती, बोट राखेत. बाईंना पाहताच ती दचकून उठली आणि दोन्ही पायांनी तिनं राख सारखी करून टाकली.

"काय लिहिलं होतंस गं?" बाईंनी विचारलं.

"काई नाई, बाई," ती म्हणाली आणि फुलं वेचू लागली.