पाणी गारच आहे

कडककाकांच्या हाताला गल्लीत मान होता. चाळीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलं, पण इस्त्रीवरची ती आकड्यांची चकती त्यांनी कधी फिरवून पाहिली नाही. तापलेल्या इस्त्रीपासून बोटभर अंतरावर तळहात धरायचा, डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, ही रेशमाला चालेल, ही सुतीला. एकही कपडा जळला नाही हे खरं आहे, उगाच कशाला नाकारा. पण त्यामुळे झालं काय, की जगातल्या सगळ्या गरम-गार गोष्टींचा निकाल आपल्याच तळहाताने द्यायचा असं काकांनी ठरवून टाकलं. काकू म्हणायच्या, अहो, आंघोळीचं पाणी उकळतंय. काका हात बुडवून म्हणायचे, कोमट आहे, तुझी कातडीच नाजूक. काकूंनी पहिल्या वर्षीच हात टेकले आणि तेव्हापासून गुपचूप गार पाणी मिसळून घ्यायला सुरुवात केली.

लेक तिसरीत असताना एकदा तापाने फणफणली होती. काकांनी कपाळाला हात लावला, थंडगार आहे, सोंग करतेय म्हणाले आणि तिला शाळेत पाठवलं. तासाभरात बाई तिला घरी घेऊन आल्या. अंगावर कांजिण्या होत्या आणि बाईंच्या साडीवर लेकीची न्याहारी होती. काका म्हणाले, बघा, शाळेत जाऊन लागण झाली.

तर अशा या माणसाच्या गळ्यात लेकीने आपला अ‍ॅक्सोलॉटल घातला. नोकरीपायी तिला सहा महिने परगावी जायचं होतं. वीतभर लांबीचा, पाण्यात राहणारा, फिकट गुलाबी प्राणी. चार इवलेसे पाय, पापणी नसलेले डोळे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पिसारेदार तुरे, तेच त्याचे कल्ले. दिवसभर एका जागी बसायचं, काही करायचं नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसायचं, म्हणून काकांनी त्याचं नाव साहेब ठेवलं. लेकीने एक कागद लिहून दिला होता आणि एक थर्मामीटर. पाणी अठरा अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, टाकी आतल्या थंड खोलीत ठेवायची. थर्मामीटर बघून काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो त्यांनी बटणांच्या खणात टाकला आणि टाकी आणली दुकानात, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. आत एकटा कंटाळेल बिचारा, म्हणे.

मग रोजचा नेम सुरू झाला. दर दोन-चार शर्टांनी इस्त्री उभी करायची, टाकीत मनगटापर्यंत हात घालायचा आणि जाहीर करायचं, गारच आहे. आणि दिवसभर साहेबांशी बोलायचं. कॉलर कुणाची फाटकी, पँटच्या खिशात कुणाची चिठ्ठी सापडली, सगळं. मधे न बोलता काकांचं ऐकून घेणारा तो आयुष्यातला पहिलाच. खोटं कशाला सांगू, काकांचा त्याच्यावर जीव जडला.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी गांडूळ तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. दुसऱ्या दिवशी तोंडातसुद्धा घेतलं नाही. मग तुरे पुढे वळले, आणि शेपटीच्या टोकाला वळी पडली. काकांना ती दिवसभर खुपत होती. चुरगळलेली बाही दिसावी तशी, हात शिवशिवत होते. शेजारचा किल्लीवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, हसतोय की, काय धाड भरलीय त्याला. हीच तर गंमत आहे या जनावराची, मरायला टेकलं तरी तोंड हसरंच. काकांनी पाण्यात हात घातला. पाणी गारच होतं.

पाचव्या दिवशी एका तुऱ्यावर पांढरा कापूस दिसला. कुणाच्या तरी स्वेटरचा पुंजका उडून पडला असणार, असं म्हणून काका चिमटा घेऊन गेले. जवळून बघितलं तर पुंजका पडलेला नव्हता, तिथूनच उगवला होता. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंनी लेकीचा कागद मोठ्याने वाचला. खाणं सोडणं, तुरे पुढे वळणं, शेपटीला वळी, कापसासारखी बुरशी, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं, पाणी तापल्यास. पाणी सोडून बाकी सगळं खरं आहे, काका म्हणाले.

पशुवैद्य बाईंचा दवाखाना समोरच. काकांनी हातातली इस्त्री बंद केली, साहेबांना त्यांच्याच पाण्यासकट झाकणाच्या बादलीत घेतलं आणि तडक रस्ता ओलांडला. मागोमाग काकू. पाणी किती अंशाचं असतं, बाईंनी विचारलं. गार, काका म्हणाले. गार म्हणजे किती? गार म्हणजे गार. बाईंनी बादलीत थर्मामीटर सोडला. सत्तावीस. तुमचं यंत्र बिघडलंय, असं म्हणून काका पुराव्यादाखल हात घालायला गेले, तसा बाईंनी तो वरच्या वर पकडला आणि दचकून सोडला.

"काका, तुम्हाला ताप आहे का?"

नाही म्हणायच्या आत बाईंनी माणसांचा थर्मामीटर काढून त्यांच्या जिभेखाली ठेवला. डावीकडे पिंजऱ्यातला पोपट, उजवीकडे पट्टी बांधलेलं मांजर, मधे काका, आणि बोलायची सोय नाही. त्या एका मिनिटात काकूंनी तीस वर्षांचं बोलून घेतलं. आंघोळीचं पाणी झालं, चहा झाला, कांजिण्याही झाल्या. पोपटसुद्धा गप्प बसून ऐकत होता.

ताप नव्हता. "तुमचा फक्त हात तापलाय," बाई म्हणाल्या. "इस्त्रीवरून उठलेल्या हाताला हे पाणी गारच लागणार. याला मात्र ते उकाड्यासारखं आहे. वाचेल की नाही, तीन दिवसांत कळेल."

काकांनी बादलीत डोकावून पाहिलं. साहेब हसत होते. आपल्याच हाताने आपण याला शिजवत होतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना तिथेच रडू फुटायचं राहिलं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुकान तीन दिवस बंद राहिलं. साहेब आतल्या खोलीत, फरशीवर, टबात. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मिठाच्या पाण्यात रोज दहा मिनिटं, पाणी रोज नवं पण आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, आणि ते हळूहळू गार करायला बर्फाची बंद बाटली. थर्मामीटर बटणांच्या खणातून बाहेर आला आणि काकूंच्या हातात गेला. काका नुसते विचारायचे, किती झालं? काकू सांगतील तो आकडा काका मुकाट्याने मान्य करत, हे बघायला किल्लीवाला मुद्दाम येऊन गेला. चौथ्या दिवशी साहेबांनी अख्खं गांडूळ गिळलं. काका ढसाढसा रडले आणि काकूंना म्हणाले, डोळ्यांत इस्त्रीची वाफ गेली. इस्त्री तर तीन दिवस थंड होती.

सहा महिन्यांनी लेक परत आली ती शिंकतच. साहेबांना बघून झालं आणि ती डोकं धरून दुकानातल्या बाकावर बसली. काका इस्त्रीवरून उठले, सवयीने त्यांचा हात तिच्या कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"अगं, तू बघ हिला," त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून काकूंना हाक मारली, आणि मग लेकीला म्हणाले, "माझ्या हाताला कळत नाही, बाळा. तेव्हाही कळलं नव्हतं."

 लेकीने तो अर्ध्यावरचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला. राहू द्या बाबा, म्हणाली, शेक बसतोय, बरं वाटतंय.

काकूंनी थर्मामीटर लावला. ताप चांगला एकशे दोन होता. काकांनी हात काढला नाही.