सरांचा सॅल्मन

मी आयुष्यात एकाच माणसाचा सूड घेतला, आणि तोही मासे धरायच्या जाळीनं.

तो माणूस म्हणजे माझे मॅनेजर. मूळचे पुण्याचे, तरुणपणी शिकायला म्हणून अमेरिकेत आले आणि इथलेच झाले. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या ऑफिसात कालची आलेली पोरंसुद्धा त्यांना पहिल्या नावानं हाक मारायची. मला ते कधी जमलं नाही. मी नागपूरची, मी त्यांना सर म्हणायची. आजही मनात त्यांच्याशी भांडते तेव्हा सरच म्हणते.

ते वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात बर्फात गाडी कशी थांबवायची ते त्यांनीच मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवलं. गणपतीला मला आणि नवऱ्याला हक्कानं घरी बोलवायचे. काकूंच्या हातची अळूवडी मी आईच्या हातची समजून खाल्ली आहे. म्हणूनच पुढचं सगळं इतकं लागलं.

२००३ साली, हिवाळा संपता संपता बाबांना अर्धांगाचा झटका आला. आईचा फोन आला. "बोलता येत नाहीये त्यांना. पण दारात कुणी आलं की डोळे उघडून बघतात. तुलाच शोधतात. ये."

शुक्रवारी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, उठून दार लोटलं आणि मराठीत बोलायला लागले.

"तीन आठवड्यांवर गो-लाइव्ह आहे, क्लायंटकडे सिस्टम सुरू व्हायचीय. तुझं मॉड्यूल दुसऱ्या कुणाला येत नाही. आणि आत्ता गेलीस की तिकडे व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकशील. आपल्याकडची दोन मुलं अजून अडकून पडलीत. एवढं पार पाड आणि मग चांगली महिनाभर जा."

"सर, डॉक्टर आठ-दहा दिवस म्हणताहेत."

"डॉक्टर असंच म्हणतात गं. माझ्या वडिलांच्या वेळीही म्हणाले होते. सहा महिने काढले त्यांनी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्यावर विश्वास ठेव."

मी ठेवला. बाराव्या दिवशी बाबा गेले. मी तेव्हा टेस्टिंगचे रिपोर्ट तपासत होते आणि पलीकडच्या क्यूबिकलमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापत होते. त्यानंतर दोन दिवसांनी मीटिंगमध्ये जाहीर झालं की क्लायंटनं गो-लाइव्ह दोन महिने पुढे ढकललं आहे. मी ते नशिबाच्या खात्यावर टाकलं आणि कामाला लागले.

दोन वर्षांनी एक ईमेल माझ्याकडे फॉरवर्ड होऊन आला. विषय भलताच होता, पण खाली जुन्या पत्रांचं शेपूट तसंच राहिलं होतं. सहज वाचत खाली गेले. क्लायंटनं तारीख पुढे ढकलल्याचं सरांना कळवलं होतं, त्याच गुरुवारी, म्हणजे मी रजा मागायला गेले त्याच्या आदल्या दिवशी. सरांचं उत्तर एका ओळीचं होतं: ठीक आहे, नवीन प्लॅन येईपर्यंत टीम जागेवर ठेवतो.

टीम म्हणजे मी. मला जागेवर ठेवलं होतं.

घरी येऊन नवऱ्याला दाखवलं. त्यानं तीनदा वाचलं. मग म्हणाला, "ग्रीन कार्डाची फाईल यांच्याच कंपनीची आहे यार. हातात येईपर्यंत गप्प बस." त्याचं खरं होतं. मी गप्प बसले. दीड वर्ष रोज सकाळी "गुड मॉर्निंग, सर" म्हणाले. प्रत्येक वेळी ती एक ओळ मनात म्हणायची आणि मगच हसायची. सूड काय घ्यायचा हे ठरलं नव्हतं. घ्यायचा हे ठरलं होतं.

सरांना एकच वेड होतं, मासे धरण्याचं. तेही गळाला आमिष लावून नव्हे. पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेली खोटी माशी लांब दोरीनं पाण्यावर अलगद टाकायची, फ्लाय फिशिंग. सोमवारी सकाळी अर्धा तास तेच ऐकावं लागे. त्यांनी ट्राउट धरले होते, तळ्यातले सॅल्मन धरले होते. पण समुद्रातून नदीत चढून येणारा जंगली अटलांटिक सॅल्मन त्यांना कधी मिळाला नव्हता. मेन राज्यातल्या एका नदीत तो अजून येतो, पण इतके थोडे उरलेत की कित्येक वर्षं तिथे त्याला धरायलाच बंदी होती. २००६च्या शरद ऋतूत सरकारनं फक्त एक महिना ती उठवली. जाळीत धरायचा आणि पाण्याबाहेर न काढता सोडून द्यायचा, एवढ्या अटीवर.

सर त्याच सुमारास निवृत्त होणार होते. कंपनीच्या डायरेक्टरनं त्यांना निरोप म्हणून नदीकाठच्या लॉजवर तीन दिवसांची सुट्टी दिली, गाइडसकट. डायरेक्टर स्वतःही येणार होता, आणि सोबत टीममधल्या दोघांना न्यायचं होतं. सरांनी टेस्टिंगवाल्या एका अमेरिकन बाईला निवडलं, आणि मला.

माझं ग्रीन कार्ड त्याच उन्हाळ्यात आलं होतं. मी लगेच हो म्हणाले.

लॉज म्हणजे ओंडक्यांच्या चार खोल्या आणि एक मोठं जेवणघर. मेपल नुकते लाल व्हायला लागले होते. आमची गाइड साठीची, सुरकुतलेल्या हातांची, कमी बोलणारी बाई होती. पहिल्या दिवशी तिनं आम्हाला छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून गुडघाभर पाण्यात उभं केलं आणि दोरी फेकायला शिकवलं. माझी दोरी सारखी माझ्याच टोपीत अडकायची. सर लांबून ओरडायचे, "मनगट नको, कोपर वापर!" मासा कुणालाच मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत गाइड, सर आणि मी असे तिघंच होतो. डायरेक्टर आणि टेस्टिंगवाली बाई दुसऱ्या गाइडच्या होडीत. धुकं इतकं की काठ दिसत नव्हता. सरांनी तासभर एकाच डोहावर माशी टाकली. मग अचानक दोरी ताणली गेली आणि रीलमधून असा आवाज निघाला की मी दचकून फळी धरली.

मासा पाण्याबाहेर उसळला. चांदीचा, माझ्या हाताएवढा लांब. सर एकदम लहान मुलासारखे ओरडले, "आला! अगं, आला!"

वीसेक मिनिटं तो त्यांना खेळवत होता. सरांच्या चष्म्यावर पाणी उडालं होतं, आणि ते माशाशी मराठीत बोलत होते. "ये रे राजा, ये." मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, इतका सुखी चेहरा कधी पाहिला नव्हता. आणि माझ्या मनात स्वच्छ विचार आला. हाच सूड.

होडी खडकांकडे सरकायला लागली होती. गाइडचे दोन्ही हात वल्ह्यांना गुंतलेले. ती मला म्हणाली, "जाळी तू घे. आधी पाण्यात बुडवून स्थिर धर. मासा आपणहून आत येईल. त्याच्यावर झडप घालू नको, आणि काही झालं तरी दोरीला हात लावू नको. माशीच्या काट्याला उलटा दात नाही, जरा ढील मिळाली की सुटेल."

काय करायचं नाही ते इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

मासा थकून कुशीवर आला. जाळीपासून वीतभर. त्याचा डोळा दिसत होता. सर पुटपुटले, "सावकाश हं, सावकाश." मी जाळी पाण्याबाहेर काढली आणि तिची कड सरळ दोरीवर हाणली.

दोरी सैल पडली. मासा क्षणभर तिथेच थांबला, आपण सुटलो हे त्याला कळलंच नसावं. मग शेपटी हलली आणि पाणी रिकामं झालं.

गाइडनं माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं होतं. तिनं माझ्या हातातून जाळी काढून घेतली.

सर मटकन खाली बसले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पण मग त्यांनी माझा खांदा थोपटला. "असू दे. पहिल्यांदाच धरलीस तू जाळी. होतं असं."

ही माफी मला नको होती. ती घेतली असती तर दीड वर्ष फुकट गेलं असतं.

"झालं नाही, सर. मी केलं," मी म्हणाले. "मुद्दाम."

"काय?"

"बाबा आजारी होते तेव्हा तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं की गो-लाइव्ह पुढे गेलंय. शुक्रवारी तुम्ही मला थांबवून घेतलंत. मी तो मेल वाचलाय."

गाइडला मराठी कळत नव्हतं, पण ती आमच्याकडे पाठ करून बसली.

"तेव्हा परिस्थिती वेगळी होती," सर म्हणाले. "एकाला सोडलं असतं तर सगळे गेले असते. टीम मोडली असती."

"ते मला सांगायचं होतंत. मी ठरवलं असतं."

ते चष्मा पुसत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "जे झालं ते झालं. हे इथेच राहू दे."

कदाचित राहिलंही असतं. पण संध्याकाळच्या जेवणाला डायरेक्टरनं माशाबद्दल विचारलं, आणि सरांना जुना सूर सापडला. हातांनी लांबी दाखवत त्यांनी सगळी गोष्ट रंगवली. शेवटी माझ्याकडे बोट करून हसत म्हणाले, "आणि मग आमच्या या मुलीनं घाबरून जाळी अशी काही मारली, की मासा अजून पळतोय!" सगळे हसले. टेस्टिंगवाल्या बाईनं प्रेमानं माझा हात दाबला.

सकाळी होडीत मी सगळं सांगितलं होतं, तरीही त्यांनी हे केलं. मला घाबरट करून पुन्हा जागेवर ठेवलं.

मी जेवणाचा काटा खाली ठेवला. "मी घाबरले नव्हते," मी इंग्रजीत म्हणाले, सगळ्यांना कळेल असं. मग सगळं सांगितलं. बाबांचा झटका, गुरुवारचा मेल, शुक्रवारची केबिन, डोक्यावरचा हात, बारावा दिवस. ती एक ओळ शब्दशः म्हणून दाखवली, पाठच होती. आवाज चढला नाही. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही.

डायरेक्टरनं सरांकडे बघून विचारलं, "हे खरं आहे?"

सरांचे कान लाल झाले, मग चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. समोर ब्लूबेरी पाय हा गोड पदार्थ होता, त्यात त्यांनी चमचा रोवला आणि तसाच सोडला. मग खुर्ची सरकवून ते बाहेर गेले. कुणीही त्यांच्या मागे गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लॉजच्या गाडीतून एकट्यानंच विमानतळ गाठला. मासेमारीचा एक अख्खा दिवस शिल्लक होता, त्या नदीतला, त्या सॅल्मनचा. मी नाश्ता करून गाइडसोबत पाण्यावर गेले. दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग सँडविच देताना म्हणाली, "तुझं त्याच्याशी काय आहे मला माहीत नाही. पण वर चढून यायला त्या माशाला किती कष्ट पडतात ते मला माहीत आहे. पुन्हा त्याला मध्ये आणू नको."

त्या प्रवासात मी मान खाली घातली असेल तर ती तेवढीच. मी तिला सॉरी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. सरांना म्हणाले नाही. नवऱ्याला वाटतं, मी जास्तच केलं, म्हाताऱ्या माणसाचा निरोप नासवला. ऑफिसात काही लोक माझ्याशी जपून बोलायला लागले. सहा महिन्यांत मी दुसरी नोकरी धरली. काकूंचा फोन पुन्हा कधी आला नाही, आणि त्याचं मात्र मला वाईट वाटतं.

मेनहून परतल्यावरच्या शनिवारी सकाळी मी नागपूरला फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. मेलचं तिला तोवर माहीत नव्हतं. माझी तयारी होती. आता ती म्हणेल, अगं, असं करून तुझे बाबा परत येणार का. मागे कुकरची शिट्टी झाली.

मग तिनं विचारलं, "त्याचं तोंड कसं झालं होतं गं?"

मी सांगितलं. कान लाल, मग पांढरा चेहरा, ब्लूबेरी पायमध्ये रोवलेला चमचा.

"थांब, गॅस बंद करून येते," आई म्हणाली. आल्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हं. आता पहिल्यापासून सांग."